उंच कॉलमचं कास्टिंग आणि मधला जॉइंट : साइटवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात उंच कॉलमची कामं आता नवलाईची राहिली नाहीत. बाणेर-बालेवाडीकडे दुमजली उंचीच्या लॉबी, पोडियमखालचं पार्किंग, चाकणकडे कारखान्यांच्या शेड, सिंहगड रस्त्याला मंगल कार्यालयं. तीन मीटरच्या कॉलमला जे हाताला बसलेलं असतं, ते सहा मीटरच्या कॉलमला तसंच्या तसं लावलं की गडबड होते, आणि ही गडबड बहुतेक वेळा जॉइंटपाशीच, म्हणजे काँक्रीट भरताना थांबून नंतर पुढे भरलं त्या सांध्यापाशी, दिसते. खालचे प्रश्न साइटवर जसे विचारले जातात तसेच ठेवले आहेत. उत्तरं देणारा साइटवरचा माणूस आहे. तुमचा आरसीसी कन्सल्टंट (इमारतीचं स्ट्रक्चरल डिझाइन करणारा इंजिनिअर) काही वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका. ड्रॉइंग त्याचं आहे, खाली सहीही त्याचीच आहे.

कन्स्ट्रक्शन जॉइंट आणि कोल्ड जॉइंट एकच ना?

नाही. कन्स्ट्रक्शन जॉइंट आपण आधी ठरवतो: आज इथपर्यंत भरायचं, इथे थांबायचं, वरचा थर साफ आणि खरबरीत करायचा, उद्या पुढे. कोल्ड जॉइंट आपल्या गळ्यात पडतो. मिक्सर वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला, पंपाचा पाईप चोक झाला, आभाळ फाटलं, आणि तेवढ्यात खालचं काँक्रीट आवळलं. मग त्यावर तसंच नवीन काँक्रीट ओतलं की दोन थर शेजारी राहतात, पण एकजीव होत नाहीत. काँक्रीट दोन्हीकडे तेच. फरक इतकाच की एका जागेची कुणीतरी तयारी केली होती आणि दुसऱ्या जागेची कुणीच नाही.

पण जॉइंट आला म्हणजे कॉलम कमकुवत झालाच ना?

हा प्रश्न घरमालक नेहमी विचारतात. ‘आमचा कॉलम दोन तुकड्यांत भरला हो!’ असा फोन येतो तेव्हा आवाजात काळजी असते. तुमच्या इमारतीतला प्रत्येक कॉलम तुकड्यांतच भरलेला आहे. फुटिंगवर (कॉलमच्या पायावर) एक जॉइंट, प्रत्येक स्लॅबवर एक, प्रत्येक बीमखाली एक.

नाण्यांची चळत डोळ्यांसमोर आणा. वरून कितीही दाबा, ती दाब सहन करते, कारण दाबाला आडव्या सांध्याचं काही वाटत नाही. मात्र बाजूने बोटाने ढकललं की एखादं नाणं सरकतं. कॉलमवर रोजचा भार उभा असतो, तो जॉइंटमधून बिनबोभाट खाली जातो. प्रश्न येतो तो भूकंपात आणि वाऱ्यात, आडव्या बलांच्या वेळी. तिथे सरकण्याला अडवणाऱ्या गोष्टी तीन: वरून येणारा दाब, जॉइंट पार करून गेलेल्या उभ्या सळ्या आणि पृष्ठभागाचा खरबरीतपणा. पहिल्या दोन डिझाइनमधून येतात. तिसरी मिस्त्रीच्या तारेच्या ब्रशातून येते.

खरबरीतपणाला किती किंमत आहे, याचा आकडा अमेरिकन संहितेत आहे. एकसंध काँक्रीटसाठी घर्षणाचा गुणांक १.४ धरतात. साफ करून सुमारे ६ मिलीमीटर उंचसखल केलेल्या जॉइंटला १.०. आणि साफ केलेल्या पण गुळगुळीतच सोडलेल्या जॉइंटला ०.६. शेवटच्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे एका माणसाचं दहा मिनिटांचं काम.

आयएस १८९३ : २०१६ या भूकंपाच्या भारतीय संहितेच्या नकाशात पुणे झोन ३ मध्ये आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का पुण्यात चांगला जाणवला होता. तेव्हा ‘आपल्याकडे कुठे भूकंप होतोय’ हे कारण इथे चालणार नाही.

मग जॉइंटची योग्य जागा कोणती?

फुटिंगचा वरचा पृष्ठभाग, स्लॅबचा वरचा पृष्ठभाग आणि बीमचा बॉटम. बाकी कुठलीही जागा हवी असेल तर ती ड्रॉइंगवर यायला हवी.

आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय संहितेत कलम १३.४ जॉइंटबद्दल आहे. त्यात एक साधी अट आहे जी लोक विसरतात: जॉइंट अशा जागी असावा जिथे साफसफाईसाठी पोचता येतं. चार मीटर खोल शटरच्या (काँक्रीट भरायच्या साच्याच्या) आत, चोवीस सळ्या आणि त्यांना वेढणाऱ्या रिंगांच्या जंगलात हात पोचतो का, हे कागदावर जॉइंटची रेघ ओढणाऱ्याने एकदा वाकून बघावं.

बीमच्या खाली का थांबायचं? कॉलम, बीम, स्लॅब एकदमच भरलं तर जॉइंटच राहणार नाही.

ऐकायला बरोबर वाटतं. पण ताजं काँक्रीट ओतल्यावर खाली बसतं. खडी खाली, पाणी वर. कॉलम जितका उंच तितकं हे बसणं जास्त. बीमचं काँक्रीट मात्र शटरच्या बॉटमवर टेकलेलं असतं, ते जागेवरच राहतं. कॉलम खाली बसला आणि बीम राहिला की दोघांच्या मध्ये आडवी चीर पडते, नेमकी त्या ठिकाणी जिथे ती सगळ्यात नको असते. म्हणून कॉलममधलं काँक्रीट प्लॅस्टिक अवस्थेतून बाहेर आल्याशिवाय वरचा बीम-स्लॅब भरायचा नाही. आपल्याकडे कॉलम आधी आणि स्लॅब काही दिवसांनी, अशीच पद्धत असल्याने हे आपोआप पाळलं जातं. घोळ होतो तो घाईच्या कामात, जेव्हा ‘आज पंप आलाच आहे तर कॉलमही उरकून टाकू’ असं म्हटलं जातं.

बीम बॉटमच्या किती खाली थांबायचं?

बॉटमच्या लेव्हलला, फार तर इंच-दीड इंच खाली. वर गेलं तर बीमच्या खालच्या सळ्या बसत नाहीत आणि कुणीतरी छिन्नी घेऊन कॉलमचं डोकं फोडत बसतो. सहा-आठ इंच खाली थांबलं तर तो तुकडा बीमच्या सळ्यांच्या गर्दीतून वरून भरावा लागतो, तिथे निडल (व्हायब्रेटरची काँक्रीटमध्ये घालायची नळी) पोचत नाही आणि शटर उघडल्यावर खडीचं मधमाश्यांचं पोळं दिसतं. शटरच्या आत लेव्हलचा खिळा ठोकून ठेवा. अंदाजे थांबणारा मिस्त्री दर कॉलमला वेगळा अंदाज करतो.

सहा मीटरचा कॉलम एका दमात भरला तर काय हरकत आहे?

हरकत नाही, तयारी असेल तर. माझं मत विचाराल तर मधला जॉइंट टाळता आला तर टाळावाच. पण ही तयारी म्हणजे काय, ते आकड्यांत बघू.

३०० × ७५० चा, सहा मीटर उंच कॉलम घ्या. त्यात काँक्रीट बसतं फक्त १.३५ घनमीटर. सहा घनमीटरच्या एका मिक्सरमध्ये असे चार कॉलम निघतात. पंप लावला तर एक कॉलम चार-पाच मिनिटांत तोंडापर्यंत भरतो. इतक्या वेळात खालचं काँक्रीट आवळायला सुरुवातही होत नाही, म्हणजे ते पाण्यासारखंच शटरवर दाब देतं. काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच टन धरलं, तर सहा मीटर खाली दाब होतो चौरस मीटरला १५ टन. तीन मीटरच्या कॉलमला तोच साडेसात टन. ७५० च्या बाजूवर, तळाच्या एक मीटर उंचीत, शटरला बाहेर ढकलणारं बल सुमारे सव्वादहा टन. तीन मीटरच्या कॉलमला वापरलेलीच प्लाय, तेवढेच क्लॅम्प आणि तेवढेच टाय लावून हा कॉलम भरायला घेतला, तर शटर पोट काढतं. नशीब वाईट असेल तर फुटतं. फुटलेल्या शटरसमोर उभा राहिलेला माणूस एकदा आठवणीत बसला की पुढच्या वेळी क्लॅम्प मोजायला कुणी सांगावं लागत नाही.

यावर साइटवर चालणारा एक चांगला उपाय म्हणजे फेरीने भरणं. चार कॉलम असतील तर पहिल्यात मीटरभर, मग दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात, पुन्हा पहिल्याकडे. खालच्या थराला थोडा दम मिळतो, दाब कमी होतो. मात्र परत यायला इतका उशीर नको की खालचा थर आवळून बसेल. मे महिन्यात दुपारी हा खेळ खेळू नका. पहाटे किंवा संध्याकाळी घ्या.

सेल्फ-कॉम्पॅक्टिंग (व्हायब्रेटरशिवाय आपोआप बसणारं) काँक्रीट वापरत असाल तर दाबात सूट धरूच नका. ते पाण्यासारखंच वागतं.

दीड मीटरवरून काँक्रीट टाकायचं नाही म्हणतात. मग सहा मीटरच्या कॉलममध्ये वरून कसं टाकायचं?

आयएस ४५६ मध्ये मोकळ्या पडण्याची मर्यादा सर्वसाधारणपणे दीड मीटर दिली आहे. घमेल्याने वरून ओतलेलं काँक्रीट रिंगांवर आपटत जातं. मसाला सळ्यांना चिकटतो, खडी एकटी तळाशी पोचते. म्हणून कॉलमच्या बुडात पोळं जास्त सापडतं.

मार्ग दोन. एक, पंपाचा रबरी पाईप किंवा ट्रेमी (काँक्रीट खाली सोडायची नळी) आत सोडायची आणि भरत जाईल तशी वर घ्यायची. त्यासाठी रिंगा आणि क्रॉस-टाय (समोरासमोरच्या सळ्यांना बांधणाऱ्या आडव्या सळ्या) यांच्यामध्ये पाईप जाईल एवढी जागा ठेवायची हे आधीच ठरलेलं हवं. कॉलम भरायच्या दिवशी पाईप जात नाही म्हणून टाय कापणारे मी पाहिले आहेत. दुसरा मार्ग, शटरच्या एका बाजूला दीड-दीड मीटरवर खिडकी ठेवायची, तिथून भरायचं, काँक्रीट तिथवर आलं की खिडकी पक्की बंद करून वरच्या खिडकीवर जायचं. कष्टाचं आहे, पण खिडकीतून निडलही घालता येते आणि आत डोकावताही येतं.

थर अर्धा मीटरच्या आसपासचा. निडल पटकन आत, सावकाश बाहेर आणि खालच्या थरात चार बोटं शिरली पाहिजे. शटरवर बाहेरून हातोडा मारून आवाज ऐकणं ही जुन्या मिस्त्रींची विद्या अजूनही कामाची आहे, पण ती व्हायब्रेटरच्या जागी नव्हे, सोबतीला.

मध्येच जॉइंट घ्यावाच लागणार आहे. उंचीत कुठे घेऊ?

आधी बघा की मध्ये काही आडवं येतंय का. जिन्याचा मिड-लँडिंग बीम, मेझनाइनचा बीम, टाय बीम. असेल तर त्याचा बॉटम ही आपसूक जागा झाली. तिथे पुढच्या शटरला टेकू मिळतो आणि उभं राहून काम करायला जागाही.

तसं काही नसेल तर दोन गोष्टींची ओढाताण असते. भूकंपात कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला वाकवणारा मोमेंट सर्वांत जास्त असतो, मध्यावर जवळपास शून्य. शिअर (आडवं सरकवणारं बल) मात्र सगळ्या उंचीत सारखाच. त्यामुळे टोकांपासून दूर, मध्याकडे जॉइंट घेणं चांगलं. पण आयएस १३९२० नुसार सळ्यांचा लॅपही (दोन सळ्या शेजारी-शेजारी ठेवून दिलेला जोड) कॉलमच्या मधल्या अर्ध्या भागातच द्यायचा असतो. लॅपमध्ये सळ्या दुप्पट, रिंगा जवळजवळ, म्हणजे ब्रश मारायला आणि निडल घालायला जागा कमी. म्हणून जॉइंट मध्याकडे, पण लॅपच्या लांबीबाहेर. टोकांना रिंगा जवळजवळ असतात त्या झोनमध्येही नको. या झोनची लांबी कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग आणि ४५० मिलीमीटर यांपैकी जे मोठं असेल ते. कॉलमची मोकळी उंची सहा मीटर असेल तर दोन्ही टोकांना एक-एक मीटर सोडावा लागतो.

आता गंमत बघा. आपल्याकडे कित्येक कामांवर लॅप स्लॅबच्या लगेच वरून सुरू होतो, कारण सळई कापायला आणि बांधायला ते सोपं पडतं. म्हणजे सगळ्यात जास्त मोमेंट, लॅप आणि जॉइंट तिघंही एकाच जागी नांदतात. ते बदलायला फक्त बार बेंडिंग शेड्यूल (सळ्या कापण्या-वाकवण्याचा तक्ता) वेळेवर बघायला लागतं.

स्टार्टर घ्यावा की नाही?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते कॉलमचे निम्मे रोग इथून सुरू होतात.

स्टार्टर म्हणजे स्लॅबवर कॉलमच्या मापाचा तीन-चार इंचांचा ओटा. त्यावर शटर आवळलं की कॉलम लाइनीत राहतो आणि तळातून स्लरी (सिमेंटचं पाणी) गळत नाही. काम चांगलं आहे. वाईट आहे ती आपली भरण्याची पद्धत. एका मजल्यावर वीस कॉलम असले तरी सगळ्या स्टार्टरना मिळून अर्ध्या घनमीटरच्या आसपासच काँक्रीट लागतं. एवढ्यासाठी प्लांटवरून कोण मागवतो? मग साइटवर फावड्याने कालवतात, मोजमाप घमेल्याचं, पाणी अंदाजाने, व्हायब्रेटर नाहीच. शिवाय स्टार्टरच्या खाली एक जॉइंट आणि वर दुसरा. म्हणजे एम-३० च्या (ही काँक्रीटच्या ताकदीची ग्रेड) कॉलमच्या बुडात, जिथे भूकंपाचा मोमेंट सगळ्यात जास्त, तिथे कुठल्याच ग्रेडची नसलेली चार इंचांची चकती.

धायरीकडच्या एका कामावर मी नवा असताना ही चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली. ठेकेदाराच्या माणसांनी गिलाव्याच्या उरलेल्या मालात थोडी खडी टाकून स्टार्टर उरकले. मी वर लेव्हल घेत होतो. दुसऱ्या दिवशी साचे काढले तर दिसायला छान, कोपरे धारदार. आमच्या बरोबरचे एक वयस्कर फोरमन खाली वाकले, खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि एका स्टार्टरवर रेघ ओढली. किल्ली अर्धा सेंटीमीटर आत गेली. ‘साहेब, याच्यावर नऊ मजले उभे करायचेत ना?’ एवढंच म्हणाले. सगळे स्टार्टर फोडले. दोन दिवस गेले, ठेकेदाराने माझ्याशी महिनाभर नीट बोलणं सोडलं.

काय करता येतं? सगळ्यात बरं, स्लॅबबरोबरच स्टार्टर भरणं. छोटे साचे स्लॅबच्या वर टांगून ठेवायचे, तेच काँक्रीट, तोच व्हायब्रेटर. खालचा जॉइंट मुळातच नाहीसा होतो. ते जमत नसेल तर कॉलमच्याच ग्रेडचं, १० मिलीमीटर खडीचं, वजनाने मोजलेलं काँक्रीट, आणि कॉलमसारखंच पाणी मारणं. आणखी एक मार्ग, स्टार्टर नाहीच. स्लॅबला लोखंडी अँगलची चौकट पक्की करून त्यावर शटर बसवायचं आणि खालची फट फोम टेपने बंद करायची. मोठ्या कामांवर ॲल्युमिनियम शटरिंगमध्ये असंच करतात.

जॉइंट तयार कसा करायचा?

वेळ हे सगळ्यात मोठं हत्यार आहे. काँक्रीट भरून झालं की वर पाणी येतं, त्याबरोबर सिमेंटचा आणि मातीचा बारीक अंश येतो आणि दुधावरच्या सायीसारखा एक भुसभुशीत थर बसतो. त्याला लेटन्स म्हणतात. उंच कॉलममध्ये हा थर जाड असतो, कारण खालच्या सगळ्या उंचीतलं पाणी वरच येतं. नवीन काँक्रीट त्यावर टाकलं की ते सायीला चिकटतं, कॉलमला नाही.

काँक्रीटने प्राथमिक आवळ धरली की तारेच्या ब्रशने ही साय काढायची, खडीची डोकी दिसेपर्यंत, आणि लगेच धुऊन टाकायची. ब्रश लवकर मारला तर खडी उपटून येते, उशीर केला तर नुसता कुरकुर आवाज येतो. उन्हाळ्यात ही वेळ दोन-तीन तासांत येते, थंडीत बरीच उशिरा. अंगठा दाबून बघा. ठसा उमटला पण बोट आत गेलं नाही तर वेळ झाली. कॉलमला ही गोष्ट अवघड असते हे खरं, कारण डोकं शटरच्या आत असतं आणि सळ्या वर आलेल्या असतात. म्हणून शटर जॉइंटच्या लेव्हलपेक्षा फार उंच ठेवू नका.

वेळ हुकली तर दुसऱ्या दिवशी पाण्याचा जेट, नाहीतर हलक्या हाताने चिपिंग. मोठा घण किंवा जड ब्रेकर कॉलमच्या डोक्यावर चालवू नका. वरची खडी सैल होते, आत बारीक चिरा जातात आणि खरबरीत दिसणारा पृष्ठभाग प्रत्यक्षात ढिला असतो.

पुढचं कास्टिंग करण्याआधी पाणी मारून जॉइंट भिजवा, पण साचलेलं पाणी काढून टाका. आत ओल, बाहेर कोरडं, हे हवं. शटर लावल्यावर आत काय काय पडतं त्याची यादी करून ठेवावी: बाइंडिंग वायरचे तुकडे, लाकडाचा भुसा, चहाचे कागदी कप, गुटख्याच्या पुड्या. त्यासाठी शटरच्या बुडाला हात जाईल एवढी खिडकी ठेवा, हवेने किंवा पाण्याने बाहेर काढा आणि मगच ती बंद करा. या खिडकीशिवाय उंच कॉलमच्या पोअर कार्डवर (भरण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर) सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक. कॉलम भरल्यावर दुसऱ्याच सकाळी वरच्या सळ्या हातोड्याने ठोकून लाइनीत आणायची आपल्याकडे सवय आहे. सळई हलली की कोवळ्या काँक्रीटवरची तिची पकड सुटते. सळ्या भरण्याआधी टेम्प्लेटने जागेवर बांधा.

जॉइंटवर सिमेंटची स्लरी ओतायची की नाही? इपॉक्सी लावलं तर?

स्लरी ओतणं हा आपल्याकडे जवळपास विधी आहे, नारळ फोडण्यासारखा. बादलीत सिमेंट आणि हाताला येईल तेवढं पाणी, वरून सोडली की झालं. उंच कॉलममध्ये ती वरून सोडली की सळ्यांना लागत जाते, उरलेली तळाच्या कोपऱ्यात साचते. पातळ स्लरी म्हणजे जास्त पाण्याचा, कमी ताकदीचा थर, आणि तो वाळला तर उलट आड येतो. जॉइंट खरबरीत, साफ आणि ओलसर असेल तर स्लरीवाचून काम अडत नाही. खडीचं पोळं होण्याची भीती असेल तर पहिला छोटा थर त्याच मिक्समधली खडी कमी करून टाका आणि निडलने चांगला घोळवा.

इपॉक्सीचं दुखणं वेगळं. ते ओलं असतानाच त्यावर काँक्रीट पडायला हवं. कॉलमला ते लावल्यावर शटर बंद करायचं, ओळंबा बघायचा, आवळायचं, मिक्सरची वाट बघायची. तोवर ते वाळून काचेसारखं होतं, आणि मग ज्यासाठी पैसे मोजले त्याच्या बरोबर उलटं काम करतं. कन्सल्टंटने लिहून दिलं असेल आणि वेळेचं गणित जमत असेल तरच.

काँक्रीट मध्येच संपलं. मिक्सर अडकला आहे. आता?

चालू निडल खालच्या थरात स्वतःच्या वजनाने शिरते का ते बघा. शिरत असेल आणि बाहेर काढल्यावर भोक मिटत असेल, तर नवीन काँक्रीट टाकून दोन्ही थर एकत्र घोळवा. काही बिघडलं नाही. शिरत नसेल तर थांबा. जिद्दीने पुढे भरू नका. वरचा भाग आडवा सपाट करा, वर सांगितल्याप्रमाणे साफ करा, जागा आणि वेळ लिहून कन्सल्टंटला कळवा. गळ्यात पडलेला जॉइंट असा ठरवलेल्यासारखा करता येतो.

मिक्सरवाला ड्रममध्ये पाणी टाकून ‘चालतंय साहेब’ म्हणेल. परत पाठवा. आयएस ४९२६ प्रमाणे माल भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामा व्हायला हवा, आणि नवले पुलावर संध्याकाळी अडकलेला मिक्सर ही मुदत सहज ओलांडतो. लांबच्या प्लांटवरून घेत असाल तर रिटार्डर (काँक्रीट उशिरा आवळावं म्हणून घालायचं रसायन) आधीच ठरवून घ्या.

जॉइंट तिरका झाला आहे. चालेल?

नाही. तिरक्या सांध्यावर वरचा भारच बाजूला ढकलायला लागतो. वर नाण्यांच्या चळतीचं सांगितलं, ती चळत तिरकी धरून बघा. सपाट करून घ्या.

कॉलम एम-४० चा आणि स्लॅब एम-२५ चा. जॉइंटपाशी कुठलं काँक्रीट?

चांगला प्रश्न, आणि फार कमी लोक विचारतात. कॉलम बीमखाली थांबला, वर पुन्हा कॉलम सुरू झाला, पण मध्ये स्लॅबच्या जाडीत एम-२५ भरलं, तर कॉलमच्या भाराला तेवढ्यातून जायचं आहे. अमेरिकन संहितेचा नियम असा की कॉलमची ताकद स्लॅबच्या १.४ पटीहून जास्त असेल तर विशेष उपाय करा. ४० भागिले २५ म्हणजे १.६. उपाय असा: कॉलमच्या डोक्यावर आणि चारी बाजूंना ६०० मिलीमीटरपर्यंत स्लॅबमध्ये कॉलमच्याच ग्रेडचं काँक्रीट आधी टाकायचं आणि ते ओलं असतानाच बाकी स्लॅब भरून दोन्ही एकत्र घोळवायची. एकाच दिवशी दोन ग्रेडचे मिक्सर येणार, तेव्हा चलन वाचणारा माणूस पंपाजवळ उभा करा.

कॉलमवर आडवी रेष दिसते. तो जॉइंट आहे का?

असेलच असं नाही. शटरचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथेही रेष उमटते. कर्वे रस्त्यावरून जाताना मेट्रोच्या खांबावर आडवी रेष दिसली, तरी तिच्यावरून एवढंच कळतं की तिथे शटर जोडलं होतं किंवा काम थांबलं होतं. रेषेच्या वर-खाली रंग वेगळा, खडी उघडी किंवा स्लरीचे ओघळ असतील तर मात्र जवळ जाऊन बघण्यासारखं आहे.

उघडं काँक्रीट ठेवायचं असेल तर आर्किटेक्ट जॉइंटवर खाच मागतात, म्हणजे रेष ठरवून केल्यासारखी दिसते. मागू द्या. फक्त कव्हर (सळईवरची काँक्रीटची जाडी) खाचेच्या तळापासून मोजा. कॉलमला ४० मिलीमीटर कव्हर असताना २० ची खाच पाडली तर गंजायला निम्मंच अंतर उरतं.

काम दोन वर्षं बंद होतं. जुन्या कॉलमवर पुढे चढवू का?

आधी सळ्या. वरवरचा गंज ब्रशने जातो. पापुद्रे निघत असतील तर व्हर्नियरने व्यास मोजा आणि कन्सल्टंटला दाखवा. मग कॉलमचं डोकं, दोन पावसाळ्यांचं शेवाळ आणि माती काढून, पक्कं काँक्रीट लागेपर्यंत चिपिंग. काम थांबणार हे माहीत असेल तर सळ्यांना सिमेंटचा घट्ट वॉश द्यावा, तो पुढे काढून टाकता येतो.

जॉइंटबद्दल शंका आहे. गिलावा करून टाकू का?

म्हणजे रोग झाकून औषध नको म्हणायचं. आधी टकटक करून पोकळ आवाज येतो का ते बघा. मग अल्ट्रासॉनिक पल्स टेस्ट, एकदा जॉइंट मध्ये घेऊन तिरकी आणि एकदा जॉइंटच्या वर-खाली चांगल्या काँक्रीटमध्ये, म्हणजे तुलना होते. तरी शंका राहिली तर कोअर, म्हणजे कॉलममधून कापून काढलेला काँक्रीटचा गोल नमुना. आयएस ४५६ प्रमाणे तीन कोअरची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. नुसत्या चिरेला इपॉक्सी इंजेक्शन, पोळ्याला फोडून ग्राउट, फारच वाईट असेल तर तेवढा भाग काढून पुन्हा भरणं. शेवटच्या प्रकारात वरचा भार टेकूंवर घेतल्याशिवाय छिन्नी लावायची नाही.

शटर कधी काढायचं आणि पाणी किती दिवस मारायचं?

आयएस ४५६ मध्ये उभ्या शटरला १६ ते २४ तास दिले आहेत. उंच, सडपातळ कॉलमला मी चोवीसच धरतो. पाणी साध्या ओपीसीला (ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंटला) किमान सात दिवस, कोरड्या कडक हवेत दहा. फ्लाय ॲश किंवा स्लॅगचं सिमेंट असेल तर दहाच्या खाली नाहीच. पाईपने सकाळ-संध्याकाळ भिजवलेला कॉलम दुपारी बारापर्यंत कोरडा ठणठणीत असतो, म्हणून गोणपाट गुंडाळून वरून सुतळी बांधा. डोक्यावर ओलं पोतं ठेवायला विसरू नका. आणि क्युरिंग कंपाउंड मारणार असाल तर ते जॉइंटच्या पृष्ठभागावर उडू देऊ नका. उडालंच तर पुढचा कॉलम भरण्याआधी पूर्ण काढा.